आरंभीची शिल्लक

बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षातील मुलाने अवकाशातील रेणूंवर लेख लिहून आणलेला पाहताच आमच्या मराठी विभागाच्या संपादक सरांनी चष्मा काढून पुसला. "हा विज्ञान शाखेचा कागद चुकून तुझ्याकडे आला काय?" असे त्यांनी विचारले. चुकून आलेला नाही. तो कसा आला, तेच सांगायचे आहे.

कॉलेज सुटले की रोज संध्याकाळी तीन तास मी रविवार पेठेतील एका भुसार मालाच्या दुकानात हिशेब लिहितो. दुकानात संगणक आहे, टॅली आहे, सरकारला जे दाखवायचे ते सारे त्यात जाते. पण आमचे दिवाणजी हाताने लिहिलेली कीर्द आणि खतावणी अजून सोडत नाहीत. वय सत्तरीच्या पुढे, घरची भाषा कानडी, हिशेबाची भाषा मराठी, आणि रागाची भाषा दोन्हींची मिसळ. मला ते 'तम्मा' म्हणतात. कोणतीही रक्कम वहीत चढवायची झाली की पेन टेकवण्याआधी त्यांचा एकच प्रश्न असतो, "एल्लिंद बंत?" म्हणजे, कुठून आले? पावती दाखवली की मान हलवतात. नाही दाखवली तर पेन खाली ठेवतात आणि आपल्याकडे असे पाहतात, की खिशातले सुटे पैसेदेखील आपले आहेत की नाहीत याची शंका यावी.

२०२५ च्या जानेवारीअखेरीची गोष्ट. दुकानात गिऱ्हाईक नव्हते. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतला कालपरवाचा एक कागद माझ्या हाती आला. त्यात बातमी होती : बेन्नू नावाच्या एका लघुग्रहावरून अमेरिकेच्या यानाने आणलेल्या मातीत अमिनो आम्ले सापडली. जीवसृष्टी आपली प्रथिने ज्या वीस अमिनो आम्लांतून बांधते त्यांपैकी चौदा त्या मातीत आहेत. आणि आनुवंशिकतेची लिपी ज्या पाच अक्षरांनी लिहिली जाते ती पाचही आहेत. मी ती दिवाणजींना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी तपकिरीची चिमूट ओढली आणि सवयीने विचारले, "एल्लिंद बंत?"

"आकाशातून," मी म्हणालो.

"आकाशात कुठून आले?"

मला उत्तर देता आले नाही. दहावीला विज्ञानात मला शंभरपैकी ब्याण्णव गुण होते. त्या ब्याण्णवांची मला त्या क्षणी लाज वाटली. त्या गुणांची आणखी एक हकीकत आहे, ती पुढे येईलच.

मग मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसू लागलो. एका बाजूला इंग्रजी पुस्तक, दुसऱ्या बाजूला शब्दकोश. पहिल्या आठवड्यात चार पाने झाली. ग्रंथपालांना वाटले मी स्पर्धा परीक्षा देतो आहे, म्हणून त्यांनी मला पंख्याखालची जागा दिली. ती मी अजून सोडलेली नाही.

एकेकाळी शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटत असे, की सजीवांच्या शरीरात आढळणारे पदार्थ शरीराबाहेर तयारच होऊ शकत नाहीत. त्यांना काहीतरी प्राणशक्ती लागते. १८२८ साली फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनतज्ज्ञाने अमोनियम सायनेट या निर्जीव क्षारापासून युरिया बनवला. युरिया म्हणजे मूत्रात सापडतो तोच, आणि आज शेतकरी पोत्याने आणतात तोही तोच. दोन्ही हुबेहूब सारखे. मूत्रपिंडाची गरज पडली नाही.

त्यानंतरची पायरी मला विशेष आवडली, कारण ती एका विद्यार्थ्याची आहे. १९५२ साली शिकागो विद्यापीठात स्टॅन्ली मिलर हा तरुण हॅरल्ड युरी यांच्याकडे संशोधन करत होता. तेव्हा तो माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा होता. त्याने काचेच्या चंबूत मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ भरली आणि त्यात विजेच्या ठिणग्या पाडत ठेवल्या. एका दिवसात पाणी गुलाबी झाले, आठवड्याने लालसर गढूळ. त्यात अमिनो आम्ले निघाली. १९५३ साली ते छापून आले. पुढे शास्त्रज्ञांनी शंका काढली, की पृथ्वीची पहिली हवा अशी हायड्रोजनने भरलेली बहुधा नव्हतीच. तिच्यात कार्बन डाय-ऑक्साइड आणि नायट्रोजन जास्त असावेत. म्हणजे प्रयोग खरा, पण घेतलेले भांडवल खरे होते की नाही याचा वाद. मिलर २००७ मध्ये वारला. त्याच्या जुन्या प्रयोगांतल्या चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या तशाच जपून ठेवलेल्या सापडल्या, आणि २००८ मध्ये नव्या यंत्रांनी तपासल्यावर त्यांत त्याला स्वतःला दिसली होती त्याहून कितीतरी अधिक अमिनो आम्ले निघाली. पावत्या जपून ठेवाव्यात म्हणतात तो असा. हे ऐकून दिवाणजींनी मिलरला एकदम आपल्यात घेतले.

पण हे झाले चंबूतले. आकाशातल्या मालाचा पहिला भरवशाचा पुरावा मिळाला तो ऑस्ट्रेलियात. २८ सप्टेंबर १९६९, रविवार, सकाळी अकराच्या सुमारास व्हिक्टोरिया राज्यातील मर्चिसन या गावावर आकाशातून दगड पडले. एक तुकडा छपर फोडून गवतात जाऊन पडला. सगळे मिळून शंभर किलोहून अधिक भरले. काळे, भुसभुशीत, आणि जवळ नेले तर स्पिरिटसारखा वास येणारे. काळ कसा जुळून आला पाहा : दोनच महिन्यांपूर्वी माणूस चंद्रावर उतरला होता आणि चंद्रावरचे दगड अत्यंत स्वच्छतेने तपासायला प्रयोगशाळा सज्ज झाल्या होत्या. मर्चिसनचे तुकडे त्यांच्या हाती गेले. १९७० मध्ये नासाच्या एम्स केंद्रातील कीथ क्वेनव्होल्डन, सिरिल पोन्नमपेरुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले, की यात अमिनो आम्ले आहेत आणि ती पृथ्वीवरची नाहीत. हे पोन्नमपेरुमा श्रीलंकेत जन्मलेले. त्यांनी आधी मद्रासला तत्त्वज्ञानाची पदवी घेतली होती आणि नंतर लंडनला जाऊन ते रसायनशास्त्राकडे वळले. शाखा बदललेल्या माणसाबद्दल मला आता जरा जिव्हाळा वाटतो.

पण "पृथ्वीवरची नाहीत" हे कशावरून? खरी मौज इथे आहे. अमिनो आम्ले सगळीकडे असतात. तुम्ही नुसते बोट लावले तरी दगडावर त्यांचा ठसा राहतो. मर्चिसनच्या आधी काही जणांनी अशनींत सापडली म्हणून जी अमिनो आम्ले जाहीर केली होती, ती तपासनिसांच्या बोटांवरच्या घामाशी जुळू लागल्याचे १९६५ मध्ये दाखवून देण्यात आले होते. तेव्हा मर्चिसनच्या वेळी पावती मागितली गेली, आणि ती मिळाली उजव्या-डाव्याच्या हिशेबातून.

अमिनो आम्लाचा रेणू बहुधा दोन रूपांत असतो. घटक तेच, जोडणीही तीच, पण एक रूप दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब, जसे आपले दोन हात. प्रयोगशाळेत बनवले की दोन्ही सारखीच बनतात. पण पृथ्वीवरचे सजीव आपली प्रथिने फक्त डाव्या रूपातून बांधतात. माणूस असो, आंबा असो की ताकातले जिवाणू. मर्चिसनमध्ये दोन्ही रूपे जवळजवळ समसमान होती. शिवाय पृथ्वीवरचे सजीव सहसा वापरत नाहीत अशी अमिनो आम्लेही त्यात होती. घामाची असती तर सगळी डावी निघाली असती.

इथे मला आमची कीर्द आठवली. कॉलेजात आम्हाला शिकवतात, डावी बाजू नावे, उजवी बाजू जमा. दिवाणजींची देशी कीर्द बरोबर उलटी, डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. पहिल्या महिन्यात मी त्यांच्या वहीत इतका गोंधळ केला, की त्यांनी मला पानाच्या कोपऱ्यात बाण काढून दिले. मी वैतागून विचारले होते, "यातली बरोबर पद्धत कोणती?" ते म्हणाले, "दोन्ही बरोबर. पण एका वहीत एकच." रेणूंचेही तसेच असावे. डावे उजव्यापेक्षा श्रेष्ठ आहेत असे कुणी म्हणत नाही. पण एका साखळीत दोन्ही मिसळले तर प्रथिनाची घडी नीट बसत नाही. मग पृथ्वीवरच्या वहीत पहिल्या पानावर डावे कुणी ठरवले? मर्चिसनमधल्या आयसोव्हॅलिन नावाच्या अमिनो आम्लात डाव्याचे प्रमाण थोडे जास्त निघाले, तेव्हा शास्त्रज्ञांना वाटले की हा कल आकाशातूनच आला असेल. परंतु बेन्नूच्या मातीत डावे-उजवे समसमानच निघाले. म्हणजे पुन्हा कोरे पान.

आता दिवाणजींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आकाशात कुठून आले?

ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे वायूचे आणि धुळीचे प्रचंड मेघ आहेत. आपल्या आकाशगंगेच्या मध्याजवळ, इथून सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर, 'सॅजिटॅरियस बी-२' नावाचा असा एक मेघ आहे. तिथे कुणी गेलेले नाही, जाणारही नाही. पण वायुरूप रेणू स्वतःभोवती गिरकी घेत असतो आणि गिरकीचा वेग बदलताना ठराविक लांबीच्याच रेडिओलहरी सोडतो. प्रत्येक रेणूच्या लहरींचा संच वेगळा. सहीसारखा. रेडिओ दुर्बिणी त्या सह्या वाचतात आणि पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत घेतलेल्या नमुना सह्यांशी ताडून पाहतात, जसा बँकेतला कारकून चेक पाहतो. या पद्धतीने आजवर अवकाशात तीनशेहून अधिक प्रकारचे रेणू ओळखले गेले आहेत. १९६९ मध्ये फॉर्मल्डिहाइड. १९७५ मध्ये त्याच बी-२ मेघात मद्यार्क, म्हणजे तोच तो. (ही बातमी मी दुकानातल्या हमालांना सांगितली तेव्हा खगोलशास्त्राबद्दल त्यांचे मत एकदम चांगले झाले.) २००० मध्ये ग्लायकोलाल्डिहाइड, साखरेच्या घराण्यातला सर्वांत साधा रेणू. गंमत अशी, की खगोलशास्त्रज्ञ सहा किंवा अधिक अणूंच्या कार्बनी रेणूला 'जटिल' म्हणतात. सहा! आमच्या शरीरातल्या एकेका प्रथिनात हजारो अणू असतात. पण त्या निर्वात थंडीत सहा जण एकत्र येणे हेच मोठे कौतुक.

एकत्र येतात ते बहुतेक धुळीच्या कणांवर. हे कण धुराच्या कणांइतके बारीक. तिथले तापमान उणे २६० अंशांच्या आसपास. कणावर पाणी, कार्बन मोनॉक्साइड, मिथेनॉल यांचे बर्फ साचते. एवढ्या थंडीत सगळे गोठून स्तब्ध. फक्त हायड्रोजनचे अणू इकडून तिकडे सरकतात आणि सापडेल त्याला चिकटतात. त्यावर ताऱ्यांचे अतिनील किरण आणि विश्वकिरण आदळतात, रेणू तुटतात, तुटलेले तुकडे शेजाऱ्याशी जुळतात. लाखो वर्षे हे चालते. पुढे मेघ आकसून त्यात तारा जन्मतो, ऊब येते, बर्फ उडून जाते आणि तयार झालेले रेणू वायूत येऊन आपल्या सह्या करू लागतात. उरलेला माल धूमकेतूंत आणि लघुग्रहांत साठतो. 'रोझेटा' या युरोपीय यानाने २०१४ मध्ये एका धूमकेतूला गाठले. त्याच्याभोवतीच्या वायूत ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल आणि फॉस्फरस असल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. मर्चिसनच्या दगडात तर असे काही सूक्ष्म कण निघाले, की त्यांतल्या सर्वांत जुन्यांचे वय ७०० कोटी वर्षांच्या घरात जाते. आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा. पेढी सुरू होण्याआधीची वही म्हणायची ती हीच.

बेन्नूच्या मूळच्या मोठ्या पिंडात तर बर्फ वितळून खारे पाणीही झाले होते. ते सावकाश आटत गेले आणि मागे क्षार उरले. त्यांत आपले मीठ आहे आणि सोडियमचे कार्बोनेट आहेत. आमच्या दुकानात उन्हाळ्याच्या तोंडाला जो पापडखार खपतो तो त्याच कुळातला. ही माती यानाने २०२० मध्ये उचलली आणि २४ सप्टेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील युटाच्या वाळवंटात उतरवली. वजन १२१.६ ग्रॅम. मोहिमेचा खर्च शंभर कोटी डॉलरहून अधिक. मी दिवाणजींना दर काढून दाखवला, ग्रॅमला ऐंशी लाख डॉलरच्या वर. त्यांनी केशराच्या डबीकडे पाहिले आणि गप्प बसले. त्याच मातीत रायबोज आणि ग्लुकोज या शर्कराही असल्याचे २०२५ च्या डिसेंबरात जाहीर झाले, ते मी त्यांना सांगायला गेलो तेव्हा मात्र त्यांचे कामात लक्ष होते.

मध्यंतरी एक प्रकार घडला. तो सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही.

गेल्या मार्चमध्ये आमची तेरीज जुळेना. नावेची बाजू २७० रुपयांनी कमी. दोन संध्याकाळी मी शोधले. तिसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती. मी किरकोळ खर्चात एक ओळ लिहिली : हमाली, २७० रुपये. तारीख घातली. तेरीज जुळली. दिवाणजींनी पान पाहिले, बोट त्या ओळीवर ठेवले, आणि... तुम्हाला ठाऊक आहे त्यांनी काय विचारले. मी म्हणालो, "हमाली दिली." त्यांनी दारातून हमालाला हाक मारली. हमाल हसून म्हणाला, "त्या दिवशी पेठ बंद होती की हो."

दिवाणजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते फक्त म्हणाले, "लेक्का सुळ्ळ हेळूदिल्ल, बरियाव सुळ्ळ हेळतान." हिशेब खोटे बोलत नाही, लिहिणारा बोलतो. मग म्हणाले, "२७० ला नऊने भाग जातो का बघ." गेला. "मग कुठेतरी आकडे उलटे पडलेत." अर्ध्या तासात सापडले. एका गिऱ्हाइकाची १८५० ची उधारी कीर्दीत बरोबर होती, खतावणीत मी १५८० लिहिली होती.

यानंतर काही दिवसांनी मी ओर्गेयच्या अशनीबद्दल वाचले आणि वाचता वाचता माझे कान तापले. १४ मे १८६४ रोजी फ्रान्समध्ये ओर्गेय गावाजवळ काळे दगड पडले. त्यांतला एक तुकडा काचेच्या बरणीत सीलबंद करून संग्रहालयात ठेवला गेला. जवळजवळ शंभर वर्षे तो तसाच होता. १९६० नंतरच्या दशकात अशनींमध्ये जीवनाच्या खुणा शोधण्याची लाट आली, बरणी उघडली, आणि त्या तुकड्यात वनस्पतीची बीजबोंडे निघाली! पण शिकागोच्या एडवर्ड अँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईने पाहिले. बोंडे युरोपातल्या एका पाणगवताची. सोबत दगडी कोळशाचे कण. आणि हे सगळे चिकटवायला सरस. कुणीतरी दगड पडल्यावर लौकरच तो ओला करून, आत बोंडे कोंबून, वरून सरसाने जळक्या कवचाचा बहाणा उभा केला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुई पाश्चरने पॅरिसमध्ये निर्जीवातून सजीव आपोआप उपजत नाहीत यावर गाजलेले व्याख्यान दिले होते. तो वाद तेव्हा ऐन भरात होता, आणि कुणाला त्यात थट्टा करायची होती की तेरीज जुळवायची होती, कोण जाणे. त्याच्या हयातीत कुणी बरणी उघडलीच नाही. म्हणजे त्या बिचाऱ्याने हमाली लिहिली, आणि पान तपासायला शंभर वर्षे दिवाणजीच आले नाहीत.

जीवच आकाशातून आला असे मानणारेही थोर लोक झाले आहेत. फ्रेड हॉइल आणि चंद्र विक्रमसिंघे यांचे तसे मत होते. हॉइल यांचे केंब्रिजमधील विद्यार्थी म्हणजे आपले जयंत नारळीकर. जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. म्हणजे आमच्या बसने अडीच-तीन तासांच्या अंतरावरचा. आमच्या शाळेच्या कपाटात त्यांच्या विज्ञानकथा होत्या, पाने सुटलेल्या, आणि आम्ही त्या पाळी लावून वाचत असू. नारळीकर नुसते मत देऊन थांबले नाहीत, त्यांनी तपासायची व्यवस्था केली. हैदराबादहून मोठे फुगे सोडून वीस ते एक्केचाळीस किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने आणण्याच्या प्रयोगाचे ते प्रमुख होते. २००५ च्या उड्डाणात आणलेल्या हवेत बुरशीच्या आणि जिवाणूंच्या वसाहती वाढल्या. त्यांत जिवाणूंच्या तीन जाती आधी कुणाला माहीत नसलेल्या निघाल्या. २००९ मध्ये इस्रोने ते जाहीर केले, आणि एकीला हॉइल यांचे नाव दिले गेले. पण यावरून ते जीव पृथ्वीबाहेरचेच असे सिद्ध होत नाही, हेही त्याच निवेदनात होते. मला ते वाक्य त्या तीन जातींइतकेच मोलाचे वाटते. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्या दिवशी दुकानात मी दिवाणजींना हा फुग्याचा प्रयोग सांगितला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "जीव तिकडून इकडे आला म्हणजे मागील पानावरून पुढे ओढला. हिंदिन पुटा यार बरदार?" मागचे पान कुणी लिहिले? बहुतेक शास्त्रज्ञांचाही या कल्पनेवर एक आक्षेप हाच आहे.

म्हणून माझ्या मते हिशेब असा उभा राहतो. रेणू आकाशात बनतात, याची पावती आहे. ते दगडांतून पृथ्वीवर पडतात, याचीही आहे. पृथ्वीवर सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वी सूक्ष्म जीव होते, हे ऑस्ट्रेलियातल्या जुन्या खडकांवरून दिसते. मधले पान मात्र फाटलेले. कोठारात माल येऊन पडला म्हणजे दुकान चालू झाले असे होत नाही. स्वतःची नक्कल करणारा पहिला रेणू कसा झाला, त्याभोवती पडदा कसा आला, डावे-उजवे कसे ठरले, आणि आकाशातल्या मालाचा वाटा किती नि पृथ्वीवर घडलेल्याचा किती, यांतले काहीच कुणाला नक्की सांगता आलेले नाही. आम्हाला कॉलेजात सस्पेन्स खाते शिकवतात. फरक सापडेपर्यंत रक्कम तिथे ठेवायची, तिला खोटे नाव द्यायचे नाही. पूर्वी मला ते खाते म्हणजे आळशी कारकुनाची सोय वाटायची.

आता ते ब्याण्णव गुण.

माझे वडील वडगावात मागावर काम करतात. मी दहावी झालो तेव्हा त्यांनी माझ्या सायन्सच्या फीसाठी भिशी उचलली होती. पैसे वरच्या खिशात घेऊन मी एका कॉलेजात अर्ज भरायला गेलो. सायन्सच्या खिडकीपुढच्या रांगेत माझ्या पुढची मुले आपसात भराभर इंग्रजीत बोलत होती. प्रकाशसंश्लेषणाला ती काय म्हणत होती ते मला समजायला वेळ लागला. प्राणवायू, हरितद्रव्य, केंद्रक हे माझे सगळे शब्द मला अचानक घरून बांधून आणलेल्या भाकरीसारखे वाटू लागले, इतरांच्या देखत सोडायची लाज वाटावी तसे. माझ्यापुढे दोनच मुले उरली होती. मी रांगेतून बाहेर पडलो आणि कॉमर्सच्या खिडकीपाशी गेलो. तिथे रांग नव्हती. घरी येऊन सांगितले, "सायन्सच्या जागा संपल्या होत्या."

जागा होत्या.

चार वर्षे बाबा येईल त्या पाहुण्याला सांगत आले, "पोराला ब्याण्णव होते, पण सायन्सला जागा दिली नाही." त्या कॉलेजावरून बस गेली की ते तोंड फिरवून बसतात. कुणी ओळखीचे असते तर झाले असते, मीच कमी पडलो, असे एकदा आईला म्हणतानाही मी ऐकले. मी लिहिलेली एक खोटी ओळ, आणि तिचे व्याज ते भरत होते.

हा लेख लिहायला घेतला त्या रात्री मी मागाच्या खोलीत गेलो. आवाजात बोलता येईना, म्हणून माग थांबेपर्यंत उभा राहिलो. ताण्याचा एक धागा तुटला तेव्हा बाबांनी माग बंद केला. मी सांगितले. खिडकी, रांग, दोन मुले, सगळे. ते वाकून धागा सांधत होते. गाठ मारून झाली, धागा फणीतून ओढून झाला, तरी त्यांनी माग सुरू केला नाही.

"भीती वाटली, तर तसे सांगायचे होतेस," ते म्हणाले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्टुलावर माझ्यासाठी जागा करत म्हणाले, "त्या दगडातनं काय काय निघालं म्हणे? तुझी आई सांगत होती."

मी बसलो आणि पाण्यापासून सुरुवात केली.